श्वासाचं पान

२ जानेवारी

आज व्यवस्थापकांनी वर बोलावलं आणि "बसा" म्हणाले. एक्कावन्न वर्षांत त्या खोलीत मला कुणी बसा म्हटलेलं नाही. म्हटलं, झालं, आता फुलांचा गुच्छ आणि घरचा रस्ता. पण नाही! येत्या सात एप्रिलला आपल्या वाद्यवृंदाला शंभर वर्षं पूर्ण होतात. त्या निमित्ताने इतिहासाची एक पुस्तिका काढायची आहे, आणि ती लिहायची आहे मी. "तुमच्याइतकं कुणाला आठवतंय, काका?" म्हणाले.

घरी येऊन हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "किती पानांची?"

"चाळीस."

"चाळीस पानांत तुम्ही सभागृहाचं दारसुद्धा उघडणार नाही. दाराच्या कडीवरच सात पानं जातील."

हिला काय कळतंय. पण कडीबद्दल दोन ओळी लिहायला हव्यात खऱ्या. पितळी आहे, आणि शंभर वर्षांच्या हातांनी मधोमध झिजली आहे.

माझं काम तळघरात. वाजवायची प्रत्येक रचना तिथे कपाटांत आहे. प्रत्येक वादकासाठी त्याच्या वाट्याच्या सुरांची वेगळी प्रत, आणि छडी हलवून सगळ्यांना चालवणाऱ्या कंडक्टरसाठी सगळ्यांची मिळून एक मोठी प्रत. मैफलीच्या दिवशी त्या ज्याच्या त्याच्या स्टँडवर मांडायच्या, मैफल संपली की गोळा करायच्या, फाटलेलं चिकटवायचं. वादक पेन्सिलीने कडेला खुणा करतात, कुणी चष्म्याचं चित्र काढतो, म्हणजे इथे डोळे उघडे ठेव. मी त्यातलं काहीही खोडत नाही. हा माझा नियम. म्हणून सगळे मला कागदकाका म्हणतात.

शंभर वर्षांत कंडक्टर फक्त चार. संस्थापकांची बत्तीस वर्षं, थोरल्या मास्तरांची चाळीस, धाकट्या मास्तरांची सत्तावीस, आणि आता या नव्या बाई, ज्या परवा रुजू होतील. एवढ्या काळात लोकांची राज्यं किती आली नि गेली. आमची छडी फक्त चार हातांत गेली. हे वाक्य पुस्तिकेत पहिलं घ्यावं का?

५ जानेवारी

आज 'श्वासा'वर लिहायला बसलो. आमचा वाद्यवृंद जगात ओळखला जातो तो श्वासासाठी, तेव्हा हे प्रकरण मनासारखं उतरलं पाहिजे.

संस्थापकांनी आपल्या वाद्यवृंदासाठी एकच सिंफनी, म्हणजे चार भागांची लांब रचना, केली. त्यांच्यानंतर ती कुणी फारशी वाजवेना. लोक म्हणत, संथ भाग लांबट आहे. पन्नासाव्या वर्षी थोरल्या मास्तरांनी ती पुन्हा वाजवायला काढली. त्या मैफलीत संथ भागाच्या मध्यावर, ऐन भरात, मास्तरांची छडी वर गेली ती वरच राहिली. ऐंशी वाद्यं गप्प. लोकांनी खोकणंसुद्धा थांबवलं. तीन क्षण, चार क्षण. मग छडी हळूच उतरली आणि सूर परत आले, जणू कुणी दारातून जाता जाता मागे वळून बघावं. माझ्या शेजारी पडद्यामागे उभा असलेला दिव्यांचा माणूस रडत होता. दुसऱ्या दिवसापासून आमची गणना मोठ्यांत झाली. एका परदेशी वर्तमानपत्राने लिहिलं होतं, "ऐंशी माणसं एकदम श्वास घेतात, आणि त्या शांततेत कुठूनशी पानांची सळसळ येते." ते कात्रण माझ्या पाकिटात आहे. घडीवर फाटलंय.

वडील शाळेत कविता शिकवायचे. वृत्तं म्हणून घ्यायचे, आणि ओळीत यती आला की टेबलावर पट्टी आपटायचे. "इथे थांबा! ओळीत जिथे थांबायचं तिथे थांबला नाहीत तर कवितेला दम लागतो." थोरल्या मास्तरांनी सिंफनीला तिचा यती दिला, असं मी लिहिलं. वडिलांना आवडलं असतं.

आणि त्या मैफलीच्या सगळ्या प्रती माझ्या हातच्या! हे लिहिताना ऊर जरासा फुगतो, फुगू दे. त्या वर्षी तळघरातला नळ फुटला आणि सिंफनीच्या जुन्या प्रतींचा लगदा झाला. मी नुकताच लागलो होतो, अक्षर बरं म्हणून. सहा आठवड्यांत त्रेसष्ट प्रती उतरवल्या. पान कुठे तोडावं याचे नियम असतात हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं, आणि नव्हतं तेच बरं. मी कवितेसारखं केलं: जिथे कडवं संपतं तिथे पान संपवायचं. बासरी असो की शिंग, त्रेसष्टच्या त्रेसष्ट प्रतींत संथ भागाचं दुसरं पान एकाच जागी संपतं. इतकी देखणी प्रत मी पुन्हा कधी केली नाही. फक्त चेलोचा, म्हणजे व्हायोलिनच्या त्या खर्जातल्या थोरल्या भावाचा, एक सूर पलीकडे चालला होता, त्याला मी सुंदर वळणाचा कंस काढून पुढच्या पानावर नेला.

आणि नशीब बघा. मी जिथे पान संपवलं, नेमका तिथेच मास्तरांना श्वास सुचला! त्यामुळे पान उलटायला वादकांना आयता वेळ मिळतो. दोन अनोळखी मनं एकाच पायरीवर टेकली म्हणायची.

आज मास्तरांची मोठी प्रत पुन्हा उघडली. त्या जागी कडेला पेन्सिलीने त्यांच्या तिरक्या अक्षरात आहे: "नवा माणूस इथे चुकला. बरोबर चुकला. तसंच ठेवणे." हा नवा माणूस म्हणजे तेव्हाचा ओबोवाला, आमच्या विलायती सनईचा वादक, असणार. पुस्तिकेत त्याचं नाव घालावं म्हणतो, बिचाऱ्याचा मान राहील.

८ जानेवारी

नव्या बाई तळघरात आल्या. स्वतः! धाकटे मास्तर सत्तावीस वर्षांत दोनदा आले होते, त्यातले एकदा छत्री विसरले म्हणून. बाई चाळिशीच्या, केस आखूड, कानामागे पेन्सिल खोचलेली. पूर्वी चेलो वाजवायच्या, एका बोटाला अजून घट्टा आहे.

"काका, सिंफनीच्या प्रती बघू?"

मी काढून दिल्या. त्यांनी बासरीची प्रत उघडली, मग ओबोची, मग व्हायोलिनची, मग चेलोची. चारही टेबलावर ओळीने मांडल्या आणि प्रत्येकीचं तेच पान हळूच उलटून पाहिलं. धूळ बघत असाव्यात. मी म्हटलं, "दर महिन्याला झटकतो, बाई."

"या सगळ्या तुमच्याच हातच्या?"

"सगळ्या."

"तालमीला होता तुम्ही तेव्हा? पहिल्या?"

"छे हो. मी इथे खाली शेवटच्या भागाच्या प्रती संपवत होतो. मी थेट मैफलीतच ऐकलं."

बाईंनी चेलोच्या पानावरचा कंस बोटाने गिरवला. मग थोरल्या मास्तरांची मोठी प्रत मागून घेतली, उभ्या उभ्या वाचली, कानामागची पेन्सिल काढली, परत खोचली. ती प्रत त्या मैफलीपर्यंत स्वतःजवळ ठेवणार आहेत. जाताना म्हणाल्या, "पुस्तिकेत श्वासाबद्दल काय लिहिताय?" मी यतीचं सांगितलं. त्या हसल्या. "घाई करू नका. अजून काही आठवलं तर घाला."

चांगल्या आहेत. पण पावतीवर तारीख गेल्या वर्षाची टाकून गेल्या. तारखांचं भान नाही हो या पिढीला.

१९ जानेवारी

आज तालमीत आकाश कोसळलं.

संथ भाग. सगळे श्वासापाशी आले, सवयीने थांबले, आणि बाईंची छडी थांबलीच नाही! ती हवेत एकटीच पुढे गेली. बाई म्हणाल्या, "इथे थांबू नका. चेलोचा सूर इथून पलीकडे जातो. तुम्ही त्याला मध्येच कापताय."

पहिल्या खुर्चीवाले उठले. हे आमचे मुख्य व्हायोलिनवादक, तीस वर्षं त्या खुर्चीवर आहेत, मान इतकी ताठ की टाय बांधायला आरसा लागत नाही. म्हणाले, "बाई, तो श्वास आहे."

"माहितीये. का आहे?"

"का म्हणजे? आमची ओळख आहे ती. संस्थापकांची इच्छा आहे ती!"

"मग दाखवा. कारण दाखवलंत तर मी त्यासमोर मान झुकवीन. नुसत्या सवयीसमोर नाही."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "आल्या आणि लगेच आमचा श्वास बंद करायला निघाल्या." हशा झाला, बाईही हसल्या. पण पहिल्या खुर्चीवाले हसले नाहीत. त्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि माझ्याकडे बोट केलं. "कागदकाका! तुम्ही शोधा. तळघरात असेलच काहीतरी."

सगळ्या हॉलने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पुरावा मी देतो." छाती पुढे काढून म्हटलं. आता थोडी धडधडतेय.

२० जानेवारी

हिचं मत: "बाईंनी प्रश्नच तर विचारला. तुम्ही सगळे भाजल्यासारखे का ओरडताय?"

३ फेब्रुवारी

पंधरा दिवस धूळ खाल्ली. आज लोखंडी कपाटाच्या तळाला संस्थापकांची मूळ हस्तलिखित सिंफनी सापडली. कापडात गुंडाळलेली. संथ भाग उघडला.

श्वास नाही. थांबण्याची खूण नाही, काही नाही. व्हायोलिनचं वाक्य संपतं, पण खाली चेलोचा सूर ओळ ओलांडून सरळ पलीकडे जातो, आणि तिथे जाऊन बासरीला हात देतो.

तरी मी मनाला म्हटलं, हरकत नाही, मग श्वास थोरल्या मास्तरांच्या प्रतिभेचा. पण पहिल्या खुर्चीवाल्यांना दाखवलं तर त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी आणि अजून तिघांनी कमिटीला पत्र दिलंय म्हणे, की श्वास ही संस्थापकांचीच इच्छा आहे, आणि नव्या बाईंना ती मान्य नसेल तर शताब्दीची मैफल दुसऱ्याकडून करून घ्यावी. अठरा तारखेला तालमीच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर फैसला. त्यांनी हस्तलिखित परत कापडात गुंडाळलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"काका, शंभर वर्षांत कितीतरी कागद हरवतात."

"माझ्याकडून नाही हरवत."

"मग आणखी दोन आठवडे सापडला नाही असं समजा."

मी कपाट लावलं. किल्ली खिशात आहे. बसलो की मांडीला टोचते. बाई आज जिन्यात भेटल्या, "काही मिळालं?" म्हणाल्या, आणि मी, पाऊण शतक गाठायला आलेला माणूस, "शोधतोय" म्हणालो.

११ फेब्रुवारी

ओबोवाल्याची हकीकत पक्की करावी म्हणून नगारेदादांकडे गेलो. हे आमचे जुने नगारेवादक, आता शहाऐंशीचे, तिसऱ्या मजल्यावर लेकीकडे राहतात. एका कानाने ऐकू येत नाही, पण बोटं अजून टेबलावर चालूच. मी तिथे अजून कागद्याच आहे.

मी टिपणवही काढली. "दादा, श्वासाच्या वेळचा तो नवा ओबोवाला. तो नेमका काय चुकला होता?"

"कोण नवा?"

"मास्तरांनी लिहून ठेवलंय, नवा माणूस चुकला म्हणून."

"ओबोवाला सहा वर्षं जुना होता रे. त्या वर्षी नवा कोण लागला होता?"

मी आठवू लागलो. त्यांची बोटं थांबली.

"कागद्या, आरशात बघ."

मग त्यांनी सांगितलं. ते बोलले तसंच उतरवतो.

"मी मागे उभा. त्या भागात मला काम नाही, नुसते ठोके मोजायचे. मोजतोय, मोजतोय, आणि एकदम समोरून फर्रर्र! सगळ्यांनी एकाच ठोक्याला पान उलटलं. अरे, पान उलटायचं ते ज्याला वाजवायचं नसेल तेव्हा. एकाचं इथे, दुसऱ्याचं तिथे. तू सगळ्यांचं एकत्र तोडलेलं. फुंकणारे गप्प. व्हायोलिनवाल्यांत एका स्टँडवर दोघं असतात, एक उलटतो नि दुसरा वाजवतो, पण दुसरेही बिचकून थांबले. मास्तरांची छडी वर ती वरच. आम्ही म्हटलं, तळघरातला नवा गडी आजच घरी जातोय. मास्तर हलेचनात. डोळे मिटलेले. मग हळूच छडी खाली आणली, आणि आम्ही सुरू. तो सूर परत आला ना, माझ्या अंगावर काटा आला, खरंच. संपल्यावर म्हणाले, 'असंच. मैफलीतही असंच थांबायचं.' आणि म्हणाले, 'खाली त्या माणसाला कुणी एक शब्द बोललं, तर गाठ माझ्याशी आहे.'"

"मला का नाही सांगितलंत कुणी?"

"तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं दुरुस्त करून, वर माफीचं पत्र जोडून आणलं असतंस. मास्तर म्हणायचे, हा माणूस फार व्यवस्थित आहे, याला कळता कामा नये." आणि हसायला लागले. हसता हसता खोकला लागला. लेकीने पाणी आणलं आणि माझ्याकडे रागाने बघितलं.

पानांची सळसळ. पन्नास वर्षं पाकिटात ठेवली मी ती.

१२ फेब्रुवारी

काही लिहवत नाही.

१७ फेब्रुवारी

पाच दिवस जेवणात लक्ष नाही. आज हिने ताट बाजूला सरकवलं. "बोला आता. नाहीतर मी नगारेदादांना फोन लावते."

सगळं सांगितलं. पुस्तिका, हस्तलिखित, पान. वडील वर्गात एक शब्द वापरायचे, यतिभंग. थांबायची जागा शब्दाच्या मधोमध आली की शब्द तुटतो, तो यतिभंग. फळ्यावर तुटलेला शब्द लिहून ते म्हणायचे, बघा, मान मोडली बिचाऱ्याची. तेच केलं मी. चेलोचं वाक्य मधोमध मोडलं, वर त्यावर नक्षीदार कंस काढला, आणि सगळं जग पन्नास वर्षं त्याला प्रतिभा म्हणत आलं. मीही.

हिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे ज्याचे गोडवे मी पन्नास वर्षं ऐकतेय, ते मास्तरांचं नाही, तुमचं होतं?"

"गोडवे काय करतेस, चूक होती ती!"

"चूक का असेना. आधी कळलं असतं तर निदान लक्ष देऊन ऐकलं असतं."

मग ताट परत पुढे सरकवलं. "उद्या जा आणि सांगा. आणि किल्ली द्या बाईंना. झोपेत मांडी चोळता तुम्ही."

मी म्हटलं, "सांगितलं की श्वास जाईल. न सांगितलं तर बाई जातील."

"श्वास गेला तर वाद्यवृंद मरतो असं तुम्ही लिहिलंत. खरंच मरतो का, तेही बघून घ्या एकदा."

१८ फेब्रुवारी

हॉल भरलेला. कमिटी पहिल्या रांगेत. पहिल्या खुर्चीवाले म्हणाले, "कागदकाकांनी शोध घेतला आहे. ते सांगतील."

मी उभा राहिलो. हस्तलिखित टेबलावर ठेवलं. शाळेत कविता म्हणायला उभं राहावं तसे हात बाजूला धरले. म्हटलं, "संस्थापकांनी श्वास लिहिलेला नाही. थोरल्या मास्तरांनाही तो सुचलेला नाही. मी पान चुकीच्या जागी तोडलं. सगळ्यांचं एकदम. तुम्हाला उलटायला वेळ लागला. एवढंच आहे ते."

मग शिंगवाल्यांतून कुणीतरी एकाने फिस्स केलं, आणि सगळा हॉल हसायला लागला. मी मान खाली घातली. हसणं थांबेना. मग वेगळाच आवाज यायला लागला. टकटक, टकटक. तारवाद्यवाले गजाच्या टोकाने स्टँडवर टकटक करतात, ती त्यांची टाळी. ती मास्तरांसाठी असते. दुसऱ्या कुणासाठी केलेली मी एक्कावन्न वर्षांत ऐकलेली नाही. मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. मागे कुणी नव्हतं.

फक्त पहिल्या खुर्चीवाले टकटक करत नव्हते. ते माझ्याजवळ आले. "काका, मी तीस वर्षं देशोदेशी मुलाखतींत सांगत आलो, की तो श्वास म्हणजे विश्वाच्या मौनाचा स्पर्श."

"हो. कात्रणं आहेत माझ्याकडे."

"किती?"

"चौदा."

त्यांनी डोळे मिटले. "कुणाला दाखवू नका." आणि मग त्यांनीही गज उचलून जवळच्या स्टँडवर दोनदा वाजवला. दोनदाच. त्यांच्या मानाने खूप झालं.

मग बाई पुढे आल्या. त्यांना धक्का बसलेला दिसला नाही, मोठ्या धीराच्या आहेत. म्हणाल्या, "काका, मला कारण हवं होतं. तुम्ही आणलंत. आता चेलोचा सूर पलीकडे जाऊ द्या. पण तुमच्या प्रती कपाटात परत जाणार नाहीत. बघू काय ते." कमिटीने त्यांच्याच हाती शताब्दी सोपवली, एकमताने.

९ मार्च

नव्या प्रती संगणकावर तयार झाल्या. मी हट्ट करून चेलोचं ते पान हाताने लिहिलं, दहा चेलोंच्या पाच स्टँडसाठी पाच वेळा. अक्षर पूर्वीसारखं नाही, पण सूर आता एकाच ओळीत आहे, न तुटता. पान आता चेलोला वाजवायचं नसतं तिथे उलटतं. एक्कावन्न वर्षांनी धडा पूर्ण केला.

दुपारी तालीम. श्वासाची जागा आली आणि गेली. चेलोंचा सूर एकटाच ओळ ओलांडून पलीकडे गेला, जसा कुणी अंधारात जिना न मोजता उतरतो, आणि बासरीने तो झेलला. इतकी वर्षं मी जिथे फक्त थांबलेलं ऐकलं, तिथे हे चाललेलं होतं. संस्थापकहो, माफ करा.

७ एप्रिल, दुपार

मैफल संध्याकाळी. बाईंनी प्रत्येक स्टँडवर दोन प्रती ठेवायला सांगितल्या, वर नवी, खाली माझी जुनी पिवळी. का ते सांगत नाहीत.

हिने माझा काळा कोट काढून ठेवलाय. मी म्हटलं, "मी तर पडद्यामागे उभा असतो, कोट कुणाला दाखवायचा?" तर म्हणाली, "घाला म्हटलं ना. आणि बुटांना पॉलिश केलंय, पाय घासत चालू नका." शिवाय ही स्वतः येतेय, पहिल्या रांगेत. तिकीट कुठून मिळालं विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करते.

८ एप्रिल

काल सगळी सिंफनी संस्थापकांनी लिहिली तशी वाजली. लोक उभे राहिले. संथ भाग लांबट आहे असं कुणी म्हणालं नाही. श्वासाशिवायही आमचा वाद्यवृंद जिवंत आहे, आणि चांगला धडधाकट. पुस्तिका अजून छपाईला गेलेली नाही, म्हणून हे मी तिच्यात लिहिलंय. शेवटच्या पानावर माझी चूकही लिहिली आहे, बारा ओळींत.

टाळ्या थांबेनात तेव्हा बाई लोकांकडे वळल्या. "ही संस्थापकांची. आता संथ भाग पुन्हा एकदा, गेली पन्नास वर्षं आमच्या घरात वाजत आला तसा." आणि वादकांनी खालची पिवळी प्रत वर घेतली.

तेवढ्यात बाई पडद्याकडे येऊन मला खुणावू लागल्या. शेवटच्या चेलो स्टँडवरचा मुलगा अचानक तापाने घरी गेलेला, त्याची खुर्ची रिकामी. "काका, पान कोण उलटणार? तुम्हाला सूर वाचता येतात. चला." मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर पहिल्या रांगेतून हिने हाताने बसा, बसा केलं. बसलो. दिव्यांत बसलो. कोट होता म्हणून बरं.

सुरू झालं. आतून ऐकणं वेगळंच. खुर्चीच्या पायातून सूर पोटात येतो. दुसरं पान संपत आलं. माझं अक्षर, तेविसाव्या वर्षातलं, शेपट्या लांब काढायची हौस असलेलं. शेवटची ओळ. बाईंची छडी वर गेली.

सगळं थांबलं. आणि त्या शांततेत साऱ्या स्टँडवर एकदम सळसळ झाली, आणि त्यातलं एक पान मी उलटलं.

तीन क्षण. चार. समोर ही दिसली, तोंडावर हात धरून. हसत होती की रडत, ते कळलं नाही. मग छडी उतरली आणि सूर परत आला.

८ एप्रिल, संध्याकाळ

प्रती गोळा केल्या. चेलोवाला तो मुलगा चहाच्या टेबलापाशी दिसला, ठणठणीत, दोन माणसांचं खात होता. एका दिवसात ताप उतरला. तरुण शरीर!

बाईंनी थोरल्या मास्तरांची मोठी प्रत परत केली. कपाटात ठेवण्याआधी ते पान उघडलं. "नवा माणूस इथे चुकला. बरोबर चुकला. तसंच ठेवणे." आणि त्याच्याच खाली बाईंच्या अक्षरात, पेन्सिलीने: "तो माणूस अजून इथेच आहे. ८ जानेवारी."

वाचून डोळे भरून आले. शंभर वर्षांच्या या घरात दोन मास्तरांनी एकाच पानावर माझी दखल घेतली, आणखी काय हवं माणसाला.

फक्त तारीख चुकली. आज एप्रिल आहे, बाईंनी सवयीने जानेवारी लिहून टाकलं. जानेवारीत त्यांना बिचाऱ्यांना यातलं काय माहीत असणार! एकदा वाटलं, हळूच दुरुस्त करावं.

पण मी काही खोडत नाही. राहू दे तसंच.